सगळे ज्या बँडला हसतात, त्याच्या चाहत्यांमध्ये तुम्हाला तुमची माणसं सापडली का?

निळी_छत्री

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते. मला निकेलबॅक हा कॅनडाचा रॉक बँड आवडतो. कधीमधी नाही, मनापासून आवडतो.

चार वर्षांपूर्वी ऑफिसातले आम्ही सातजण एका गाडीतून चाललो होतो. माझा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता आणि त्यांच्या 'सिल्व्हर साइड अप' अल्बममधलं एक गाणं आपोआप सुरू झालं. दोन सेकंद शांतता, मग पुढच्या सीटवरून आवाज आला, "हे कोण ऐकतं?" आणि गाडीभर हशा. मी पटकन म्हटलं, "भावाची यादी आहे, चुकून लागलं." मला भाऊ नाही.

त्या रात्री अकाउंट्समधल्या एका मुलीचा मेसेज आला. गाडीत ती मागे खिडकीशी बसली होती. आमचं तोवरचं बोलणं म्हणजे बिलांवरच्या सह्या. मेसेजमध्ये एकच ओळ होती : "चौथं गाणं नीट ऐकलंयस का?"

चौथं गाणं म्हणजे 'टू बॅड', घर सोडून गेलेल्या बापावरचं. गायक चॅड क्रोगर लहान असतानाच त्याचे वडील घर सोडून गेले होते. माझ्या घरचं मी ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि तिनंही तिच्या घरचं सांगितलेलं नव्हतं. त्या रात्री आम्ही अडीच वाजेपर्यंत बोललो.

आता आमचा अकरा जणांचा गट आहे. तिथे कुणीही कुणाला "तुला यात काय दिसतं?" असं विचारत नाही, आणि मला त्याचंच फार बरं वाटतं. पण एक प्रश्न सतत टोचतो. आम्ही गाण्यांमुळे जवळ आलो की लोकांच्या हसण्यामुळे? उद्या लोक हसायचे थांबले तर आमचा गट टिकेल? तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो, माझ्याकडे या विषयावर सांगण्यासारखं खूप आहे.

झांज

भावाची यादी! मी 'शेजाऱ्यांच्या मुलीची सीडी' असं सांगितलं होतं. छत्रीताई, आपण एकाच माळेचे मणी.

खर्जातला_सा

धागा प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिक विरोध नोंदवतो. राग मानू नका.

कुणी हसलं म्हणून ती गोष्ट आपोआप अन्यायग्रस्त होत नाही. निकेलबॅकचे जगभरात पाच कोटींहून जास्त अल्बम विकले गेलेत. 'हाऊ यू रिमाइंड मी' हे 2000च्या दशकात अमेरिकन रेडिओवर सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं. एवढा मोठा बँड 'बिचारा' कसा? आणि टीका हवेतून आलेली नाही. त्यांची दोन गाणी, हेच आणि 'समडे', कुणीतरी एक डाव्या कानात आणि एक उजव्या कानात अशी एकाच वेळी लावून दाखवली होती. कडवं, चढ, धृपद, सगळं एकाच जागी येतं. मी स्वतः ऐकलंय. साच्यातून काढलेल्या गाण्याला साच्यातलं म्हणणं ही टर नव्हे, ते ऐकणं झालं.

तुमची मैत्री खरी आहे, ती मला खोटी ठरवायची नाही. पण आम्ही समदुःखी म्हणून आम्ही बरोबर, हे पटत नाही.

निळी_छत्री

@खर्जातला_सा, राग नाही. ती दोन गाण्यांची जोडणी मीही ऐकलीय आणि साचा आहे हे मान्य. पण 'आवडत नाही' आणि 'हसतो' यांत अंतर आहे. 2002 साली पोर्तुगालमधल्या एका महोत्सवात यांच्यावर दगड भिरकावले गेले आणि ते मंच सोडून गेले. 2010 मध्ये 'या लोणच्याला निकेलबॅकपेक्षा जास्त चाहते मिळतील का' असं फेसबुक पान निघालं, आणि मिळालेही. 2016 मध्ये कॅनडातल्या केन्सिंग्टनच्या पोलिसांनी जाहीर केलं की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला कोठडीकडे नेताना निकेलबॅक ऐकवू. जगभर ती बातमी गाजली. नंतर ती पोस्ट काढून टाकून त्यांनी बँडची माफी मागितली. यातल्या किती जणांनी चौथं गाणं ऐकलं असेल?

बिनधास्त_बासरी

लोणच्याचा बँड अजून दौऱ्यावर निघालेला नाही. निकेलबॅक 2023 मध्येही निघाला होता, आणि त्याच वर्षी कॅनडाच्या म्युझिक हॉल ऑफ फेममध्येही गेला.

रातकिडा

आलो. जरा लांबण लागेल.

मी अमेरिकेत शिकत असताना माझा रूममेट 'जगालो' होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : डेट्रॉइटकडची 'इन्सेन क्लाउन पॉसी' ही दोघांची जोडी, तोंडाला विदूषकाचा रंग लावून रॅप करते. त्यांच्या चाहत्यांना जगालो म्हणतात. 2003 मध्ये 'ब्लेंडर' मासिकानं या जोडीला आजवरचे सगळ्यात वाईट कलाकार ठरवलं होतं. मंचावरून ते प्रेक्षकांवर 'फेगो' नावाच्या स्वस्त सोड्याची कारंजी उडवतात. मी पहिल्यांदा व्हिडिओ पाहिला तेव्हा मलाही हसू आवरलं नव्हतं, हे कबूल करतो.

रूममेटच्या गळ्यात कुऱ्हाड घेऊन धावणाऱ्या माणसाचं छोटं पदक असायचं. तो त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा शिक्का, हॅचेटमॅन. एका थंडीच्या रात्री आमची गाडी महामार्गावर बंद पडली. गाड्या जात होत्या, कुणी थांबेना. चाळीस मिनिटांनी एक जुना ट्रक आम्हाला ओलांडून पुढे गेला, थांबला आणि उलटा मागे आला. आमच्या मागच्या काचेवर त्याच शिक्क्याचं स्टिकर होतं. ट्रकवाल्यानं काच खाली करून फक्त "वूप वूप!" अशी हाळी दिली. रूममेटनंही तशीच हाळी दिली. मग त्या माणसानं दीड तास हात काळे करून आमची गाडी चालू करून दिली. निघताना मी पैसे पुढे केले तर त्याचा चेहराच पडला. रूममेट मला हळूच म्हणाला, "घरच्यांना पैसे देतोस का तू?"

ते एकमेकांना 'फॅमिली'च म्हणतात. आणि हा शब्द वाचून हसायच्या आधी एक बघा. माझा रूममेट सांभाळायला घेणाऱ्या तीन परक्या कुटुंबांमधून वाढलेला होता. शाळेत जाड म्हणून, गरीब म्हणून, कपड्यांवरून, सगळ्यावरून त्याला हसले होते. 2000 सालापासून जवळपास दरवर्षी जगालोंचा मेळा भरतो. तिथे पहिल्यांदा गेला तेव्हाची गोष्ट तो सांगायचा : फाटकाजवळ एका अनोळखी बाईनं त्याला घट्ट मिठी मारली आणि "घरी आलास" म्हणाली. एकोणीस वर्षांत त्याला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

पुढे 2011 मध्ये एफबीआयनं टोळ्यांवरच्या आपल्या अहवालात जगालोंना 'सैलसर संघटित टोळी' म्हणून धरलं. हसण्याचं रूपांतर कशात होऊ शकतं ते बघा. गोंदण दिसलं की पोलीस थांबवू लागले. 2014 मध्ये बँड आणि काही चाहते एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या मदतीनं कोर्टात गेले, हरले. मग 16 सप्टेंबर 2017 ला त्यांनी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकापाशी जमून मोर्चा काढला. चेहरे रंगवलेली माणसं, कडेवर पोरं, हातात फलक. रूममेट गेला होता. मला त्यानं फोटो पाठवला तो गर्दीचा नव्हता, एका म्हातारीचा होता. ती आपल्या नातवाच्या गालावर रंग लावून देत होती.

छत्रीताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : ती माणसं हसण्यामुळे एकत्र आलेली नव्हती. ती आधीपासूनच एकेकटी हसली गेलेली होती. बँडनं त्यांना एकमेकांचा पत्ता दिला.

पैंजण

डोळे भरून आले. आणि रातकिडा, 'जगालो' या नावातच 'जगलो' आहे की हो.

टकटक

@पैंजण हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

खर्जातला_सा

रातकिडा, सुंदर लिहिलंय. इथे मी एक पाऊल मागे घेतो. गरीब माणसाच्या आवडीला हसणं हे बऱ्याचदा त्या माणसालाच हसणं असतं. पण ही गोष्ट सगळ्याच हसल्या गेलेल्या बँडांना लावता येणार नाही. निकेलबॅक ऐकणाऱ्याला पोलीस थांबवत नाहीत.

पाऊलवाट

खर्ज यांच्या मुद्द्याला जोडून, अवांतर वाटेल पण नाही.

12 जुलै 1979. शिकागोचं कोमिस्की पार्क हे बेसबॉलचं मैदान. दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटानं उडवायचा कार्यक्रम ठेवला होता. रेकॉर्ड आणली तर तिकीट जवळपास फुकटात. एका रेडिओ निवेदकाची ती कल्पना. हजारो लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना खेळताच आला नाही. व्हिन्स लॉरेन्स तेव्हा तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होते, पुढे ते हाऊस या क्लबांत नाचायच्या संगीताच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक झाले. त्यांनी नंतर सांगितलं की लोकांनी आणलेल्या कित्येक रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्या कृष्णवर्णीय गायकांच्या होत्या.

डिस्कोच्या क्लबांमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगी माणसांना मोकळं नाचता येत होतं. 'डिस्को भिकार आहे' या घोषणेत किती टक्के संगीत होतं? आणि त्याच शिकागोत पुढच्या काही वर्षांत हाऊस संगीत उभं राहिलं, त्याच क्लबांतून, बऱ्याच अंशी त्याच माणसांच्या पायांवर. लोक हसले, रेकॉर्डी फोडल्या, तरी माणसं नाचायची थांबली नाहीत.

म्हणून कुणी एखाद्या बँडला हसायला लागलं की मी आधी बघते, तो बँड ऐकतं कोण.

सुरावट_७०

मी इथली म्हातारी, त्यामुळे जरा जुनं सांगते. मी आब्बा या स्वीडिश पॉप बँडची.

आज हे सांगताना कुणी चकित होत नाही, पण एके काळी होत असत. 1974 ला ब्रायटनला युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकले तरी त्यांच्या स्वीडनमध्येच डाव्या विचारांच्या संगीत चळवळीला ते नकोसे होते. बाजारू, पोकळ, चकचकीत. 1975 ला स्टॉकहोममध्ये युरोव्हिजन झालं तेव्हा त्याच्या निषेधार्थ समांतर महोत्सवच भरवला गेला. आणि ऐंशीच्या दशकात बँड थांबल्यावर तर आब्बा आवडणं म्हणजे आजीच्या पडद्याचं कापड अंगावर घालून फिरण्यासारखं होतं.

नेमकं तेव्हाच, 1986 मध्ये, नेदरलँड्समध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय फॅन क्लब सुरू झाला. बँड संपलेला, नवं गाणं येण्याची आशा नाही, दुकानात रेकॉर्डी स्वस्तात काढलेल्या, आणि ही मंडळी कागदी मासिक छापून टपालानं पाठवतायत. त्यातून मला एक पत्रमैत्रीण मिळाली. ती पत्राच्या शेवटी नेहमी एका गाण्याचं नाव लिहायची आणि खाली 'मिनिट 2, सेकंद 14' असं. मी रेकॉर्ड लावून ते ठिकाण शोधायचे. कधी मागे हलकेच वाजलेला पियानो, कधी दोघींच्या आवाजात घेतलेला एकच श्वास. मग मी माझं ठिकाण कळवायचे. आम्ही सतरा वर्षं असं केलं. तिचे सेकंद माझ्याकडे एका वहीत उतरवलेले आहेत.

आता छत्रीचा प्रश्न. हसणं थांबलं की काय होतं? आमचं थांबलं. 1992 ला 'आब्बा गोल्ड' आला आणि बघता बघता सगळ्यांनाच ते पहिल्यापासून आवडत होते! 2022 ला लंडनमध्ये त्यांच्या डिजिटल रूपांचे कार्यक्रम सुरू झाले, लोक रांगा लावतात. मला वाटलं होतं मला राग येईल. नाही आला. पण त्या नव्या गर्दीत मी कुणालाही मिनिट आणि सेकंद विचारू शकले नाही. गट फुटला नाही गं, फक्त त्याच्याभोवती फार मोठी खोली तयार झाली. आम्ही त्या खोलीत एकमेकींना अजून शोधून काढतो.

पैंजण

सुरावटताई, ती वही कधीतरी इथे उतरवाल का? वेगळा धागा काढा. मी प्रत्येक सेकंद ऐकेन.

टकटक

+१. मीही.

मी ड्रम वाजवतो, म्हणून अर्थातच रश हा रॉक बँड. त्यांच्या गायकाच्या आवाजाला लोक काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. समीक्षकांनी वर्षानुवर्षं नाक मुरडलं, अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनंही दीड दशकाच्या आसपास ताटकळत ठेवलं. 2013 मध्ये शेवटी घेतलं. त्या समारंभात त्यांचं नाव यायची चाहूल लागली आणि प्रेक्षागृहातल्या चाहत्यांनी असा आवाज केला की बोलणाऱ्याला थांबावं लागलं. गिटारवादक अ‍ॅलेक्स लाइफसन बोलायला उभा राहिला आणि त्यानं अख्खं भाषण 'ब्ला ब्ला ब्ला' या एकाच शब्दात केलं, हातवाऱ्यांसकट. चाहत्यांना त्यातला शब्दन् शब्द कळला.

जानेवारी 2020 मध्ये त्यांचा ड्रमर नील पर्ट गेल्याची बातमी आली तेव्हा मला पहिला फोन आला तो ज्याच्याशी मी तीन वर्षं भांडून अबोला धरला होता त्याचा. "कळलं?" म्हणाला. "हो." मग आम्ही दोघं फोनवर काहीही न बोलता एक गाणं संपेपर्यंत थांबलो. अबोला तिथेच संपला.

वाळूतला_शंख

सगळे इतकं गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. मी अशाच एका हसल्या जाणाऱ्या बँडच्या गटात होते. पहिल्या अल्बमच्या आधीची गाणी माहीत नव्हती म्हणून तिथल्या जुन्या मंडळींनी मला 'रेडिओवाली' असं नाव पाडलं. बाहेर जे त्यांना हसत होते त्यांच्यावर ते चिडायचे आणि आत तेच माझ्याशी करायचे. मी दोन महिन्यांत बाहेर पडले. बँड अजून ऐकते, एकटीच. हसलं गेल्यानं माणूस मऊच होतो असं नाही.

रातकिडा

@वाळूतला_शंख, हे लिहिलंत ते बरं झालं. माझ्या रूममेटच्या मंडळींतही सगळे संत नव्हते. मारामाऱ्या व्हायच्या, व्यसनं होती. मी फक्त ट्रकवाला सांगितला.

निळी_छत्री

शंखताई, तुमचा बँड कुठला ते सांगू नका हवं तर, पण आमच्या गटात याल का? आमच्यात चौघांना फक्त रेडिओवरचीच गाणी माहीत आहेत आणि त्यातला एक सगळ्यात मोठ्यानं गातो.

बिनधास्त_बासरी

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण माझा बँड सध्या नेमका त्याच वळणावर आहे. क्रीड.

'ह्यूमन क्ले' हा त्यांचा 1999 चा अल्बम, अमेरिकेत एक कोटीच्या वर विकला गेला. आणि मग काही वर्षांत ते नाव म्हणजे विनोदाचा शेवट झाला. डिसेंबर 2002 मध्ये शिकागोजवळचा एक कार्यक्रम इतका बिघडला की चार प्रेक्षकांनी बँडवर खटला भरला होता. तो टिकला नाही, पण घाव आम्हाला बसला. खटला भरणारे शत्रू नव्हते, तिकीट काढून गेलेली आपलीच माणसं होती.

मग 2023. टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाच्या खेळाडूंनी ड्रेसिंग रूममध्ये क्रीडचं 'हायर' लावायला सुरुवात केली, स्टेडियम गाऊ लागलं, आणि तो संघ पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज जिंकला. एप्रिल 2024 मध्ये क्रीड एका जहाजावर पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले, 2012 नंतर पहिल्यांदा.

आनंद झाला का? खूप. पण एक गोष्ट मला अजून जमत नाही. आता शेजारी उभा असलेला माणूस गाणं गंमत म्हणून गातोय की मनापासून, ते ओळखू येत नाही. पूर्वी हसणारे समोर असायचे, तोंड दिसायचं. आता ते खांद्याला खांदा लावून हात वर करून गातात आणि धृपद संपलं की एकमेकांकडे बघून डोळा मारतात. त्या ओळीवर मी एकदा हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रात्र काढलेली आहे.

आमचा जुना गट सहाजणांचा. अशाच एका कार्यक्रमात आम्ही गर्दीतून मागे गेलो आणि शेवटच्या रांगेपाशी एकमेकांचे हात धरून उभे राहिलो. तिथून नीट ऐकू येत नव्हतं, तरी तिथून हललो नाही. छत्रीताई, हसणं थांबलं तरी आम्ही सहाजण आहोत. एवढंच खात्रीनं सांगू शकतो.

झांज

कुणीही टेबलाखाली लपवून ऐकत असेल तर हा धागा वाचा असं मी चौघांना पाठवलंय.

आणि एक भर : 'किस' या अमेरिकन रॉक बँडच्या चाहत्यांची 'किस आर्मी' 1975 मध्ये इंडियानातल्या टेर होटमध्ये सुरू झाली ती दोन मुलांमुळे. स्थानिक रेडिओ स्टेशन त्यांची गाणी लावेना, म्हणून हे फोन आणि पत्रांचा मारा करत सुटले. आधी नकार आला, मग फौज उभी राहिली.

निळी_छत्री

सगळ्यांचे आभार मानू की नको कळत नाही, रडून झालंय. सुरावटताईंची मोठी खोली आणि बासरीदादांची शेवटची रांग, दोन्ही मी आमच्या गटात वाचून दाखवलं. अकाउंट्सवाली मैत्रीण म्हणाली, "आपण गाडीत परत एकदा लावू या ते गाणं. त्याच सातजणांसमोर." पुढच्या महिन्यात परत सगळे एकत्र जाणार आहोत. यावेळी भाऊ नसेल.

खर्जातला_सा

इतकं सगळं वाचून गप्प बसणं बरोबर वाटेना, म्हणून काल रात्री 'सिल्व्हर साइड अप' हेडफोनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला.

मत : साचा आहेच. तिसरं गाणं मला अजिबात आवडलं नाही. गिटारांचे थर इतके जाड लावलेत की ड्रमला श्वास घ्यायला जागा उरत नाही. पण पहिलं गाणं आईला मार खाताना बघणाऱ्या मुलाच्या तोंडचं आहे हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी ते पार्ट्यांमध्ये ऐकलं होतं आणि शब्दांकडे लक्षच दिलं नव्हतं.

चौथं दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा लावल्यावर वडिलांना फोन केला. पावणेबारा वाजले होते, ते घाबरले.

निळी_छत्री

तिसरं मलाही नाही आवडत. काय बोललात वडिलांशी?

खर्जातला_सा

काही विशेष नाही. विचारलं, जेवलात का. मग ते म्हणाले, आलाच आहे फोन तर थांब जरा, आणि शाळेतल्या एका मास्तरांची गोष्ट सांगत बसले. साडेबारापर्यंत.

सुरावट_७०

चौथं गाणं, कुठलं मिनिट?

खर्जातला_सा

आज रात्री परत ऐकून सांगतो.